नव्या छोट्या गाडीचं ॲव्हरेज कसं वाढवायचं: इंदूरच्या रस्त्यांवर पडताळलेली पद्धत

दसऱ्याला आमच्या दारात नवी गाडी आली. एक लिटरच्या आसपासचं पेट्रोल इंजिन, पाच गिअर, मॅन्युअल. शोरूमच्या कागदावर लिटरला चोवीस किलोमीटरच्या वरचा आकडा छापलेला होता. राजेंद्रनगर ते विजयनगर अशी रोजची जा-ये करून पहिली टाकी संपली, हिशोब केला, तर आकडा आला १३.८. बाबा म्हणाले, "गाडीतच खोट आहे, परत न्या." खोट काही नव्हती. आज त्याच गाडीतून, त्याच रस्त्यावर, एसी लावून साडेसतरा-अठरा मिळतात, आणि ओंकारेश्वरला जाऊन-येऊन एकवीसच्या पुढे. गाडीत मी एकही जादा भाग बसवलेला नाही. महिन्याला हजार किलोमीटर चालणाऱ्या गाडीत १३.८ आणि १७.५ यांतला फरक पंधरा लिटरांचा होतो, आणि लिटरला शंभरच्या वर मोजताना पंधरा लिटर म्हणजे काय ते घर चालवणाऱ्याला सांगायला नको. मी काय केलं ते क्रमानं लिहिते.

कागदावरचा आकडा कुठून येतो

तो आकडा एआरएआयसारख्या चाचणी संस्थेत काढलेला असतो. तिथं गाडी रस्त्यावर धावत नाही, रोलरवर उभी करून ठरलेल्या वेळापत्रकानं चालवतात: वीसेक मिनिटं, कधी थांबत, कधी हळूहळू वेग वाढवत, जास्तीत जास्त ताशी ९० किलोमीटर. एसी बंद. मध्ये गाय नाही, ई-रिक्षा नाही, पाटणीपुऱ्याची गर्दी नाही. सगळ्या गाड्यांना एकच चाचणी लागते, म्हणून दोन गाड्यांची तुलना करायला तो आकडा उत्तम. आपल्या रस्त्यावर किती मिळेल हे तो सांगत नाही. शहरात कागदावरच्या आकड्याच्या सत्तर-पंचाहत्तर टक्के मिळू लागले की गाडी ठीक चालली आहे असं मी धरते.

दुसरं म्हणजे पहिल्या हजार किलोमीटरांचं ॲव्हरेज मनावर घेऊ नका. नव्या इंजिनातले पिस्टन-रिंगा अजून एकमेकांना बसायच्या असतात, त्यामुळे घर्षण जास्त. या काळात दोनच पथ्यं पाळा. इंजिन ताणू नका, म्हणजे एक्सिलरेटर तळाला दाबणं नको. आणि तासन् तास एकाच वेगानं चालवू नका. आमच्या शेजारच्या काकांनी गाडी घेतल्यावर तिसऱ्या दिवशी थेट पुणे गाठलं, सहाशेच्या आसपास किलोमीटर, जवळजवळ सगळे एका वेगात. त्यापेक्षा पहिले काही आठवडे शहरात आणि देवास-उज्जैनच्या रस्त्यावर मिळून चालवणं बरं. तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत याचं एक पान असतंच, तेवढं वाचून ठेवा.

आधी नीट मोजा

हे मी सगळ्यात वर ठेवते, कारण मोजलं नाही तर पुढचं सगळं अंदाजपंचे. टाकी फुल्ल करा. नोझल स्वतःहून खटकन बंद झालं की थांबा. पंपावरचा मुलगा राउंड फिगरसाठी आणखी थोडं भरू पाहतो, त्याला नको म्हणा. पेट्रोल गळ्याशी आलं की वाफ शोषणाऱ्या डब्यात जाऊ शकतं, आणि मोजमापही बिघडतं. ट्रिप मीटर शून्यावर आणा. निदान तीनशे किलोमीटर चालवा. मग त्याच पंपावर, जमलं तर त्याच मशीनवर, पुन्हा पहिल्या खटक्यापर्यंत भरा. झालेले किलोमीटर भागिले भरलेले लिटर. माझ्या वहीतली एक नोंद सांगते: ४१२ किलोमीटर, २४.६ लिटर, म्हणजे १६.७.

एका टाकीवरून निकाल लावू नका. खटका कधी अर्धा लिटर आधी पडतो, कधी नंतर. तीन टाक्यांची सरासरी काढली की आकड्यावर भरवसा ठेवता येतो. डॅशबोर्डवरचं ॲव्हरेज सोयीचं असतं, पण माझ्या गाडीत ते वहीतल्या हिशोबापेक्षा किलोमीटरभर जास्त दाखवतं. ते "काल बरं की आज बरं" एवढं पाहायला वापरा.

आणि इंदूरकरांनी एक गोष्ट विसरू नये. आपण माळव्याच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवर राहतो. नर्मदेचं खोरं त्याच्या कितीतरी खाली आहे. खाली नर्मदेकाठच्या बडवाहला उतरताना डॅशबोर्ड सव्वीस-सत्तावीस दाखवतो आणि माणूस हुरळून जातो. येताना तीच उंची पुन्हा चढायची असते. घाटाच्या रस्त्याचं ॲव्हरेज नेहमी जाऊन-येऊन काढा.

टायरची हवा: पाच मिनिटांचं काम

ड्रायव्हरचं दार उघडा. खांबावर एक स्टिकर असतो. पुढच्या-मागच्या टायरांत किती हवा हवी, दोन माणसं असताना किती, भरल्या गाडीत किती, सगळं त्यावर लिहिलेलं असतं. माझ्या गाडीला ३३ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) लागते. पहिल्या सर्व्हिसिंगहून गाडी घरी आणली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहज मोजली, तर चार टायरांत चार वेगळे आकडे: २७, २९, ३०, २६. बिलावर "टायर प्रेशर तपासलं" म्हणून खूण होती. मला फार वाईट वाटलं, कारण कमी हवेचं टायर नुसतं पेट्रोल खात नाही, कडेनं झिजतं आणि उन्हाळ्यात हायवेवर तापून फुटूही शकतं.

तेव्हापासून हवा मोजायचा स्वतःचा गेज ठेवला आहे, काही शे रुपयांत मिळतो. दर पंधरा दिवसांनी, सकाळी गाडी हलवायच्या आधी मोजते. आधी, कारण चालून टायर तापले की आतली हवा फुगते आणि आकडा तीन-चारनं जास्त दिसतो. मग पंपावर जाऊन भरताना किती कमी होती तेवढीच वाढवून घ्यायची.

तापमानाचंही गणित आहे. साधारण साडेपाच अंश फरकाला एक पीएसआय. आपल्याकडे मे महिन्यातली दुपार बेचाळीसवर जाते आणि डिसेंबरातली पहाट दहाच्या आसपास येते. उन्हाळ्यात भरलेली हवा थंडीत पाच-सहा पीएसआयनं उतरते, पंक्चर नसतानाही. दिवाळी आटोपून स्वेटर बाहेर निघाले की टायर बघायचे, हे घरात ठरवूनच टाका.

नायट्रोजन भरल्यानं ॲव्हरेज वाढत नाही. टायरची हवा जरा सावकाश उतरते, एवढाच फायदा. साधी हवा वेळच्या वेळी भरली तर पुरते. आणि ॲव्हरेजच्या लोभानं स्टिकरपेक्षा पाच-सहा पीएसआय जास्त भरू नका. टायरचा मधलाच पट्टा रस्त्याला टेकतो, आणि पहिल्या पावसात एबी रोडवर ब्रेक लावताना त्याची किंमत कळते.

खरं पेट्रोल ब्रेकमध्ये जातं

वरचं सगळं करून माझं ॲव्हरेज पंधरापर्यंत आलं होतं. पुढचे अडीच-तीन किलोमीटर मिळाले ते उजव्या पायामुळे, आणि पायापेक्षा नजरेमुळे.

विचार असा करा. गाडीला वेग येतो तो पेट्रोल जाळून. ब्रेक दाबला की तो सगळा वेग चकत्यांच्या उष्णतेत जातो आणि पुन्हा हाती येत नाही. म्हणजे प्रत्येक कचकचीत ब्रेक म्हणजे थोडं पेट्रोल रस्त्यावर ओतणं. मी एक दिवस जाताना मोजलं: भंवरकुआँपासून एलआयजी चौराह्यापर्यंत मी किती वेळा ब्रेक लावते? एकतीस वेळा. त्यांतले निम्मे असे होते, की समोरचा सिग्नल लाल आहे हे दिसत असूनही मी तिथवर वेग वाढवत नेला होता.

आता गीता भवनच्या अलीकडून पलासियाचा सिग्नल दिसला, आणि तो लाल असला, की मी लगेच एक्सिलरेटरवरून पाय काढते. गाडी गिअरातच राहू देते. ब्रेक नाही, क्लच नाही. गाडी आपोआप मंदावत जाते. मागचा एखादा हॉर्न वाजवून पुढे जातो, आणि सिग्नलवर माझ्या शेजारीच उभा असतो. पुष्कळदा मी पोहोचेपर्यंत दिवा हिरवा होतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये चालत्या गाडीनंच चौराहा ओलांडता येतो. उभ्या गाडीला पहिल्यातून उचलायला सगळ्यात जास्त पेट्रोल लागतं. दिवसातून असे सात-आठ थांबे वाचले, तर टाकीअखेर वहीत दिसतात.

यामागची यंत्राची बाजू कळली की विश्वास बसतो. आजच्या सगळ्या गाड्यांत इंजेक्शन असतं, म्हणजे इंजिनात पेट्रोल किती सोडायचं ते कॉम्प्युटर ठरवतो. गाडी गिअरात आहे, पाय एक्सिलरेटरवर नाही आणि इंजिन पुरेशा फेऱ्यांवर फिरतंय, असं दिसलं की कॉम्प्युटर पेट्रोल पूर्ण बंद करतो. चाकंच इंजिनाला फिरवतात. फेऱ्या खूप खाली आल्या की पेट्रोल पुन्हा सुरू होतं. याउलट न्यूट्रलमध्ये टाकलं तर इंजिन बंद पडू नये म्हणून पेट्रोल चालूच ठेवावं लागतं.

बाबांना हे पटत नव्हतं. त्यांनी उभी हयात कार्ब्युरेटरच्या गाडीत घालवली, आणि उतार आला की न्यूट्रल ही त्यांची पक्की सवय. ओंकारेश्वरला जाताना सिमरोल सोडलं, भेरूघाट लागला आणि त्यांचा हात गिअरकडे गेला. मी म्हटलं, "बाबा, तिसऱ्यातच राहू द्या, आणि फक्त डॅशबोर्डवरच्या त्या पट्टीकडे बघा." चालू क्षणाचं ॲव्हरेज दाखवणारी पट्टी होती, ती टोकाला जाऊन थांबली. मग एका सरळ, मोकळ्या तुकड्यावर त्यांनी खात्रीसाठी क्षणभर न्यूट्रल केलं, तर पट्टी मागे आली. त्यांनी मुकाट्यानं पुन्हा तिसरा टाकला. पेट्रोलपेक्षाही मोठी गोष्ट म्हणजे घाटात गिअर गाडीला धरून ठेवतो. न्यूट्रलमध्ये सगळा भार ब्रेकवर येतो, ते तापतात आणि ऐन वळणावर दगा देतात. इंजिन बंद करून उतरणं तर कधीच नको: ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही दगडासारखी जड होतात.

गिअर कधी बदलायचा

छोट्या पेट्रोल इंजिनाला सपाट रस्त्यावर दोन ते अडीच हजार आरपीएमला (इंजिनाच्या मिनिटाला फेऱ्या) वरचा गिअर मानवतो. नव्या गाड्यांत डॅशबोर्डवर वर-खाली बाण येतो, त्याचं ऐकलं तरी चालतं. माझं साधारण असं बसलंय: वीसला दुसऱ्यातून तिसरा, पस्तीस-चाळीसला चौथा, पन्नासला पाचवा.

इथे उलटी चूकही होते. ॲव्हरेजसाठी काही जण तीसच्या वेगात पाचवा टाकतात. गाडी घरघरते, थरथरते, पाय दाबला तरी उचलत नाही. तेव्हा इंजिन गुदमरत असतं. पेट्रोलही वाचत नाही आणि इंजिनावर ताण येतो. थरथर जाणवली की एक गिअर खाली.

क्लचवर पाय टेकवून चालवू नका, आणि चढावर अर्ध्या क्लचवर गाडी तोलून धरू नका. हँडब्रेक त्याचसाठी आहे. एएमटी गाडी (क्लचशिवायची, गिअर आपोआप बदलणारी) असेल तर वेग आल्यावर पाय किंचित सैल करा, ती लवकर वरचा गिअर घेते.

उभी गाडी, एसी आणि हायवे

उभ्या गाडीचं छोटं इंजिन तासाला अर्धा लिटरच्या पुढे पितं, एसी लावला की आणखी. सिग्नलच्या घड्याळात अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त वेळ दिसला तर मी इंजिन बंद करते. नव्या गाड्यांत ते पुन्हा सुरू करायला वेगळं पेट्रोल जवळपास लागत नाही. मुलांच्या शाळेसमोर एसी लावून वीस-वीस मिनिटं उभं राहणं मात्र सगळ्यांनी सोडायला हवं. ॲव्हरेजचं राहू द्या, तिथं लहान मुलं त्याच धुरात उभी असतात.

सकाळी गाडी उभ्या-उभ्या तापवायची गरज नाही. अर्ध्या मिनिटानं निघा आणि पहिले दोन किलोमीटर हळू चालवा, इंजिन चालता-चालता लवकर तापतं. थंड इंजिन जास्त पेट्रोल घेतं, म्हणून दोन-दोन किलोमीटरच्या तुटक फेऱ्या सगळ्यात महाग. दूध, बँक, भाजी, आत्याकडे डबा, हे एका फेरीत बसवा. राजवाडा-सराफ्याला तर गाडी नेऊच नका. तिथं पार्किंग शोधण्यात जे जळतं त्यात जायचं-यायचं भागतं.

एसी बंद करून घामाघूम व्हा असं मी म्हणणार नाही. उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीच्या चारही काचा उघडा, पाच-सहाशे मीटर तशीच चालवा, आतली भट्टी बाहेर जाऊ द्या. मग काचा बंद, एसी चालू, आणि दोन मिनिटांनी आतलीच हवा फिरवणारं बटण दाबा. एकदा गार झालेली हवाच पुन्हा गार करायला कॉम्प्रेसरला कमी कष्ट पडतात. शहरात कमी वेगात, नोव्हेंबर ते फेब्रुवारी, काचा उघड्या ठेवाव्यात. हायवेवर ऐंशीच्या पुढे उघड्या काचांचा वारा गाडीला मागे ओढतो, तिथं एसीच बरा.

हायवेवर एकच नियम. हवेचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो. ताशी ८० वरून १०० वर गेलात की तो दीडपटीहून जास्त होतो. छोट्या गाडीला सगळ्यात मानवणारा पट्टा साठ ते ऐंशीचा. देवास इथून पस्तीसेक किलोमीटर. ऐंशीनं सव्वीस मिनिटं, शंभरनं एकवीस. पाच मिनिटांसाठी लिटरला तीन-चार किलोमीटर देणं मला परवडत नाही. रस्ता सपाट आणि मोकळा असेल तर पाय एका जागी स्थिर ठेवा. चढावर वेग पाच-सातनं कमी होऊ द्या, उतारावर तो आपोआप परत येतो.

डिकी एकदा रिकामी करून बघा. आमच्या डिकीतून क्रिकेटची किट, दोन छत्र्या, जुनी बॅटरी आणि गणपतीच्या आराशीचं लोखंडी स्टँड निघालं, तीस किलोच्या वर. छोट्या गाडीला चाळीस-पन्नास किलो म्हणजे साधारण टक्काभर ॲव्हरेज. टपावरचा कॅरिअर गरज संपली की काढून ठेवा, रिकामा असला तरी वारा धरतोच.

पेट्रोल, ऑइल आणि बाजारातले चमत्कार

पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. लिटरमागे इथेनॉलची ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशानं कमी, त्यामुळे तीच गाडी शुद्ध पेट्रोलवर जेवढं देईल त्यापेक्षा थोडं कमी देणार. जुन्या गाडीच्या आठवणीतल्या आकड्याशी तुलना करताना हे लक्षात असू द्या. नवी गाडी या मिश्रणासाठी बनलेली असते, काळजीचं कारण नाही. महागडं जास्त ऑक्टेनचं पेट्रोल मात्र पुस्तिकेत सांगितलं नसेल तर घेऊ नका. साध्या इंजिनाला त्याचा फायदा उचलता येत नाही.

ऑइल पुस्तिकेतल्याच ग्रेडचं घाला. नव्या छोट्या इंजिनांना ०डब्ल्यू-१६ किंवा ०डब्ल्यू-२० असं पातळ ऑइल लागतं. "गर्मी जास्त आहे, जाड घालू" असं कुणी मेकॅनिक म्हणाला तर नम्रपणे नको म्हणा. जाड ऑइल ढवळण्यातच इंजिनाची शक्ती जाते.

एअर फिल्टर वेळेवर बदलावाच, पण त्यानं ॲव्हरेज एकदम वाढेल ही आशा नको. इंजेक्शनच्या गाडीत घाण फिल्टरनं पिकअप मरतं. हवा कमी आली की कॉम्प्युटर पेट्रोलही त्या मानानं कमी सोडतो. पेट्रोलच्या नळीला बांधायचे लोहचुंबक, टाकीत टाकायच्या गोळ्या, सॉकेटमध्ये खोचायचा दिवा, यांवर पैसे घालवू नका. रुंद टायर आणि मोठी अलॉय व्हील्स तर उलट ॲव्हरेज खातात.

सगळं करूनही आकडा हलत नसेल तर

तेव्हाच गाडीकडे बोट दाखवा. पंधरा किलोमीटर कमीत कमी ब्रेक लावत चालवा, सावलीत उभी करा आणि प्रत्येक चाकाच्या रिमजवळ तळहात न्या, चकतीला हात लावू नका. पुढच्या दोन किंवा मागच्या दोन चाकांपैकी एक जोडीदारापेक्षा स्पष्ट गरम लागलं, तर तिथला ब्रेक धरतोय. मोकळ्या सरळ रस्त्यावर गाडी एका बाजूला ओढत असेल, किंवा मोठ्या खड्ड्यात चाक आपटलं असेल, तर चाकांची अलाइनमेंट (ती सरळ रेषेत आहेत ना ते) करून घ्या. आणि पंपावर शंका आली तर भांडू नका. प्रत्येक पंपावर शिक्का मारलेलं पाच लिटरचं माप असतं, ग्राहकानं मागितलं की त्यात भरून दाखवावं लागतं. पाच लिटरला २५ मिलिलिटरपर्यंतचा फरक चालतो. त्याहून जास्त निघाला तर नापतोल (वजनमापे) विभागाकडे तक्रार करा, आणि वहीतल्या तारखा, लिटर आणि पावत्या सोबत न्या.